तीस मार्कांच्या ढोलेबाई

एकाच विषयात अकरा वेळा नापास झालेल्या बाईचं मी इथं कौतुक करणार आहे. ज्यांना ते पटणार नाही त्यांनी इथंच थांबावं. मी जन्मभर गणित शिकवलं, पेपरांचे गठ्ठेच्या गठ्ठे तपासले, तेव्हा पास म्हणजे काय आणि नापास म्हणजे काय हे मला कोणी समजावून सांगू नये.

तळेगावच्या हायस्कूलवर मी रुजू झालो तेव्हा गावात दोन गोष्टी सगळ्यांना ठाऊक होत्या. इंग्रजीत सगळ्यात जास्त वेळा कोण गचकलं, तर बालवाडीच्या ढोलेबाई. आणि इंग्रजीत अडकलेल्या बायकांना मॅट्रिक पास कोण करून देतं, तर त्याही ढोलेबाईच. या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या बाबतीत खऱ्या कशा, हा प्रश्न गावात कोणाला पडत नसे. मी वर्ध्याहून आलेला, नवा आणि त्यात गणिताचा, म्हणून मला पडला.

बाई ठेंगण्या होत्या. पदर कमरेला कायम खोचलेला, पायात टायरच्या वहाणा आणि आवाज असा की बालवाडीत त्यांनी 'बसा' म्हटलं की आमच्या आठवीतली मुलंही बसत. नवरा होता. तो पुलगावला दुसरा संसार थाटून राहत होता. त्याचा विषय निघाला की बाई म्हणत, "त्याले तिकडलं पानी मानवलं," आणि पुढच्या कामाला लागत. लग्नाआधी त्यांची मॅट्रिक झाली होती, फक्त इंग्रजीचा पेपर राहिला होता. पेपरच्या दिवशी त्यांची हळद होती.

आता या पेपरबद्दल सांगायला हवं. त्या काळी मॅट्रिकला इंग्रजीच्या दोन पातळ्या असत. वरची पातळी पुढं कॉलेजात जाऊ पाहणाऱ्यांची. खालची पातळी आमच्यासारख्या गावातल्या, एबीसीडीशी उशिरा ओळख झालेल्या लोकांची. एक लहानसा उतारा, रिकाम्या जागा, पाचसहा वाक्यांचं भाषांतर आणि शेवटी एक पत्र. पस्तीस मार्क पडले की सुटका. तेवढ्या पस्तीस मार्कांपायी कितीतरी बायका अडकून पडल्या होत्या. कोणी बालवाडीत होती, कोणी दवाखान्यात मदतनीस, कोणी ग्रामसेविका व्हायचं म्हणत होती, आणि सगळ्यांच्या कागदावर एकच शेरा, मॅट्रिक नाही. या बायका सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसत. केंद्र आर्वीला. ऑक्टोबरची परीक्षा त्यांच्यासाठी नव्हतीच, तेव्हा कापूस फुटलेला असायचा. मार्चचा एकच घाव.

दुपारी बालवाडीतली पोरं घरी गेली की एक ते तीन बायकांचा वर्ग भरे. भिंतीवर केळं, पेरू, मोर, बैल यांची चित्रं आणि खाली या बाया. पण पहिला महिना बाई पुस्तक उघडतच नसत. त्या बसायला शिकवत.

हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. खोलीत दोन बाक, त्यांवर चार बायका, समोर कोरा कागद आणि बाई दाराशी घड्याळ घेऊन उभ्या. तीन तास कोणी उठायचं नाही. बाहेर पोर रडलं तरी नाही, सासूनं हाक मारली तरी नाही. मी विचारलं, हे काय चाललंय?

"मास्तर, तुमी बाकावर वाढले," बाई म्हणाल्या. "ह्या कवा बसल्या बाकावर? घरात पाटावर, वावरात उकिडवं. पाय लोंबकळत ठेवून तीन तास बसाले हिम्मत लागते."

मग त्यांनी मला त्यांच्या पहिल्या वर्गातल्या एका बाईची गोष्ट सांगितली. त्या बाईला सगळं येत होतं. पण दीड तास झाल्यावर पायाला मुंग्या आल्या, म्हणून ती बाकावरून उतरली, खाली मांडी घालून बसली आणि पेपर मांडीवर घेऊन लिहायला लागली. पर्यवेक्षक ओरडला. पोरं हसली. ती उठली आणि पेपर तिथंच टाकून निघून गेली. पेपर सुटल्यावर ढोलेबाईंना ती फाटकाबाहेर सापडली. दुसऱ्या दिवशी त्या आमच्या हेडमास्तरांकडे गेल्या आणि दोन बाक मागितले. हेडमास्तर म्हणाले, शाळेची वस्तू बाहेर देता येत नाही. बाई म्हणाल्या, मग मी बायकांना तुमच्या वर्गात आणून बसवते, पोरांच्या शेजारी. दोन बाक संध्याकाळपर्यंत बालवाडीत पोचले.

दुसरा धडा नावाचा. पर्यवेक्षक हजेरी घेताना पूर्ण नाव विचारतो. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही, घ्यायचंच झालं तर उखाण्यात. एका वर्षी आर्वीच्या खोलीत एकीला पूर्ण नाव विचारलं, तर ती लाजली, पदर सावरला आणि चक्क उखाणा सुरू केला. सोळा वर्षांची पोरं बाक वाजवायला लागली. तिचं त्या दिवशीचं इंग्रजी तिथंच संपलं.

त्यानंतर बाईंनी ठरवलं की वर्गात शिरताना प्रत्येकीनं आपलं पूर्ण नाव मोठ्यानं, इंग्रजीत सांगायचं. माय नेम इज अमुक, मग नवऱ्याचं नाव, मग आडनाव. पहिल्या दिवशी कोणाचं तोंड उघडेना. एकजण हळूच म्हणाली, "बाई, दोष लागते ना."

"इंग्रजीत घेतलं तं नाई लागत."

"असं कोनी सांगितलं?"

"मी सांगितलं. चल, बोल."

आणि त्या बोलायला लागल्या. पंधरा दिवसांत अशी चटक लागली की रस्त्यावरून जाताना बालवाडीतून सगळ्या नवऱ्यांची नावं ऐकू यायची. ते नवरे पानठेल्यावर उभे असत आणि आपलं नाव ऐकून दुसरीकडे बघत. माझ्या माहितीत कोणाला दोष लागला नाही.

अक्षरओळख, शब्द, भाषांतर हे सगळं मग हिवाळ्यात. त्यांची पद्धत धसमुसळी होती. समजावून सांगायचा कंटाळा, चुकलं की लाकडी चमच्यानं बोटावर टोला, आणि कोणी फार प्रश्न विचारले की, "इंग्रजी शिकाले जलम पायजे, पेपर शिकाले चार महिने. तुमच्यापाशी काय हाये ते पाहा." पत्र मात्र पन्नास पन्नास वेळा गिरवून घेत. आमचे इंग्रजीचे राऊत सर स्टाफरूममध्ये म्हणायचे, स्वतः नापास बाई दुसऱ्याला काय शिकवणार. हे कोणीतरी बाईंच्या कानावर घातलं. मधल्या सुट्टीत त्या व्हरांड्यात येऊन उभ्या राहिल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "राऊत सर, तुमच्या वर्गात चाळीस होते. किती निघाले? माह्या पाचातल्या चार निघाल्या." राऊत सरांना एकदम तास आठवला.

पण बाईंच्या वर्गाची खरी ताकद शिकवण्यात नव्हती. ती होती त्यांच्या परीक्षेच्या नंबरात. त्या दरवर्षी स्वतःचा फॉर्म बायकांच्या फॉर्मांच्या गठ्ठ्यात भरत, म्हणजे नंबर लागून येत आणि सगळ्या एकाच खोलीत बसत. घराघरांत याच गोष्टीवर परवानगी मिळे. परगावी, परक्या पोरांमध्ये, तीन तास सुनेला कोण बसू देणार? पण ढोलेबाई त्याच खोलीत आहेत म्हटल्यावर सासरे म्हणत, बाई संगं बसते ना, मग जाऊ द्या. मला वाटे, किती योगायोग, या दरवर्षी नापास होतात म्हणून बरं.

तो योगायोग सत्त्याहत्तर साली फुटला. मार्चमध्ये मला पहिल्यांदा आर्वीच्या केंद्रावर पर्यवेक्षक म्हणून पाठवलं आणि नेमकी सतरा नंबरवाल्यांची खोली आली. तासाभरात माझं बाईंकडे लक्ष गेलं. पेनाला टोपण लावलेलं, हाताची घडी, आणि नजर पुढच्या बाकांवरच्या चार पाठींवर. जवळून जाताना मी त्यांच्या उत्तरपत्रिकेवर नजर टाकली. अक्षर छापल्यासारखं. सवयीनं मी बाईंनी सोडवलेल्या प्रश्नांचे मार्क मिळवले. तीस. पुन्हा मिळवले. पुन्हा तीस. पत्राची जागा कोरी. उरलेले दोन तास बाई तशाच बसून राहिल्या, आणि पुढची एखादी डगमगून मागं बघायला लागली की हनुवटीनं तिला खुणावत, पुढं बघ.

पेपर सुटल्यावर एसटी स्टँडवर रसवंतीपाशी मी त्यांना गाठलं.

"बाई, पत्र का सोडलं?"

"वेळ नाई पुरला."

"दोन तास हात बांधून बसला होता."

त्यांनी रसाचा ग्लास खाली ठेवला. बाकीच्या बायका लांब बाकड्यावर बसल्या होत्या, त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, "मले कवाच येते पेपर, मास्तर. पाच वर्सं झाली. पन पास झालेल्याले बोर्ड पुन्हा बसू देते का? नाई देत. मंग ह्यांच्या संगं कोन बसन? तुमी?"

मला राग आला. खरंच आला. येत असलेलं उत्तर मुद्दाम सोडायचं, हे माझ्या विषयात पाप आहे. आणि त्यात बाईंचं नुकसान साधं नव्हतं. पंचेचाळीस वय होण्याच्या आत मॅट्रिक झाली तर बालवाडीची बाई मुख्यसेविका होऊ शकत होती. म्हणजे दहाबारा गावांच्या बालवाड्यांवर देखरेख आणि कायमची नोकरी. मी हे सगळं त्यांना तावातावानं सांगितलं.

"मले इंग्रजी येते, हे मले ठाऊक हाये," बाई म्हणाल्या. "बोर्डाले ठाऊक नसलं तं ते बोर्डाचं नुसकान. आन् हे कोनापाशी बोलजा नका."

मी बोललो नाही. पुढं पुढं माझा राग गेला आणि मी त्यांच्या त्या उद्योगात रस घ्यायला लागलो, हे कबूल करतो. त्यात त्यांची एक ऐटही होती. निकालाआधी त्या मला आपले मार्क सांगून ठेवत. "यंदा तीस." गुणपत्रिकेवर तीस निघाले की दिवसभर खुशीत. एकदा एकोणतीस आले तेव्हा दोन दिवस धुसफुसत होत्या. "कोन्या परीक्षकानं एक मार्क खाल्ला, मास्तर. रिकाम्या जागा माह्या बराबर होत्या."

पस्तीसच्या इतक्या जवळ कशाला जाता, दहा मार्क घ्या की, असं मी एकदा म्हटलं. त्यावर त्या म्हणाल्या, "दहा मार्कांची बाई शिकवते म्हटलं तं कोन येईन माह्या वर्गात?"

या ऐटीनंच घात केला. ब्याऐंशी साली बाईंनी नेहमीप्रमाणे तीस मार्कांचा पेपर लिहिला. परीक्षक अक्षरावर भाळला असावा, कारण पडले बत्तीस. आणि बोर्डाची पद्धत अशी की एकाच विषयात दोनतीन मार्कांसाठी कोणी अडत असेल तर वरून मार्क देऊन त्याला काढायचं. बोर्डानं बाईंना ग्रेसचे तीन मार्क दिले. ढोलेबाई पास.

निकाल शाळेत आला त्या दिवशी गाव लोटलं. राऊत सर स्वतः पेढे घेऊन बालवाडीत गेले आणि म्हणाले, "अखेर सुटलात!" त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, असं मी आता म्हणू शकतो. बाईंनी पेढ्याला हात लावला नाही. गुणपत्रिका हातात धरून त्या एवढंच म्हणत होत्या, "कोनी मांगितले होते? मी मांगितले होते का?" लोकांना वाटलं, आनंदानं बाईंना सुचत नाहीये.

दाराशी एकटी द्वारका उभी होती. द्वारका महादेव इंगळे, तिशीतली, सरकारी दवाखान्यात मदतनीस. तिची नर्सच्या ट्रेनिंगसाठी निवड झाली होती, अट एवढीच की पुढच्या मार्चमध्ये मॅट्रिक व्हायला हवी. नाही झाली तर जागा दुसरीची. सासऱ्यानं मोठ्या मुश्किलीनं हो म्हटलं होतं, तेही ढोलेबाईंच्या सोबतीवर. सगळे गेल्यावर तिनं विचारलं, "बाई, मंग माह्यं कसं?"

बाईंनी गुणपत्रिकेची घडी करून ती पदरात बांधली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या दारात आल्या. "मास्तर, नागपूरले चाला. बोर्डाच्या कचेरीत."

"कशाला?"

"मार्क परत द्याले."

मी गेलो. न जाण्याची माझी हिंमत नव्हती, हे जास्त खरं. कचेरीत खिडकीमागं एक पिकल्या केसांचे कारकून होते. त्यांना आधी वाटलं, फेरतपासणी हवी आहे.

"मार्क वाढवून पाहिजेत ना? त्याचा फॉर्म वेगळा."

"वाढवून नाई. कमी करून."

त्यांनी पेन ठेवलं. बाईंनी पुन्हा सांगितलं, ग्रेसचे तीन मार्क माझे नाहीत, ते काढून घ्या, माझे बत्तीस तेवढे ठेवा. कारकुनांनी शेजारच्याला बोलावलं, त्यानं आणखी एकाला, आणि थोड्या वेळात खिडकीपाशी चांगली गर्दी जमली. कोणीतरी म्हणालं, बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी हळूच म्हटलं, चला बाई. बाई समोरच्या बाकड्यावर बसल्या.

"मास्तर, तुमी चहा पिऊन येजा. मले बसायची सवय हाये."

जेवणाच्या सुट्टीनंतरही त्या तिथंच होत्या. शेवटी ते कारकून बाहेर आले आणि शेजारी बसले. बाईंनी त्यांना सगळं सांगितलं. बाकावरून उतरलेली ती बाई, उखाणा, द्वारका, सासरा, इतक्या वर्षांचे ते तीस मार्क. ते ऐकत होते आणि मधून मधून माझ्याकडे बघत होते, खरं आहे का म्हणून. मी मान हलवत होतो.

"बाई," ते म्हणाले, "मी इथं केस पिकवले. पास झालेल्याला नापास करायचा नियम आमच्याकडे नाही."

"मंग मले त्या खोलीत बसाले कोनता नियम हाये, ते सांगा."

ते आत गेले, एक जाडजूड पुस्तक घेऊन आले आणि पानं उलटत राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, वरच्या पातळीचं इंग्रजी वेगळा विषय धरतात. पास झालेला माणूस त्याला नव्यानं बसू शकतो. पेपर त्याच दिवशी, त्याच वेळी.

"पण ते अवघड आहे हं," ते म्हणाले. "धडे वेगळे, कविता वेगळ्या. निबंध असतो. जमेल?"

"नाई जमलं तं शिकन," बाई म्हणाल्या. "फारम कुठी भेटते?"

परतीच्या गाडीत त्या कारंज्यापर्यंत फॉर्म उलटसुलट करून वाचत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "मास्तर, निबंध मंजे किती वळी?"

वरच्या पातळीचं पुस्तक आणायला त्या राऊत सरांकडेच गेल्या. सरांनी दिलं, आणि मोठ्या मनानं शिकवायचीही तयारी दाखवली. बाई म्हणाल्या, "नको सर. तुमी शिकवलं तं मी खरोखरची नापास होईन." तो हिवाळाभर बालवाडीत दुपारी दोन वर्ग चालले. पाच बायका खालच्या पातळीचं पत्र गिरवत आणि बाई कोपऱ्यात बसून वरच्या पातळीच्या कवितेशी झटापट करत. त्यांना ते येत नव्हतं. इतक्या वर्षांत मी त्यांना काही येत नाहीये असं पहिल्यांदा बघत होतो. चिडत, पुस्तक आपटत, पुन्हा उचलत. एकदा चमच्याचा टोला त्यांनी स्वतःच्याच बोटावर मारलेला मी पाहिला.

फेब्रुवारीत बालवाड्यांच्या जिल्हा कचेरीचा हुकूम आला. मॅट्रिक झाल्यामुळं मुख्यसेविका म्हणून नेमणूक, ठिकाण समुद्रपूर, एक मार्चला हजर व्हावं. समुद्रपूर म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक, आणि हजर झाल्यावर पहिला महिना रजा नाही. परीक्षा मार्चच्या मधोमध. त्या मार्चअखेर बाईंची पंचेचाळीस पूर्ण होणार होती, म्हणजे ही संधी गेली की गेली. त्यांनी रजेचा अर्ज लिहिला. इंग्रजीत. परीक्षा आहे, ती आटोपल्यावर येते. मला वाचायला दिला, त्यात एकही चूक नव्हती.

मी भित्रा माणूस. मी म्हटलं, बाई, जा. आधी हजर व्हा. द्वारका पुढच्या वर्षी बसेल.

"पुढच्या साली तिची जागा राहीन का?"

"आणि तुमची?"

"माही गेली तं गेली. मले कोनी कान धरून नाई नेऊ शकत, मास्तर. ना तो कचेरीवाला, ना तुमी."

जागा गेली. कचेरीनं पंधरा दिवस वाट पाहिली आणि दुसऱ्या बाईंना नेमलं. ढोलेबाई शेवटपर्यंत बालवाडीतच राहिल्या. यावर लोक हळहळतात. मी हळहळत नाही. हळहळणाऱ्यांपैकी एकजणही त्या बायकांसोबत तीन तास जाऊन बसला नसता, आणि मीही त्यांच्यातच मोडतो.

निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. द्वारका एक्केचाळीस मार्क घेऊन पास झाली आणि नर्स झाली. त्या जूनमध्ये माझी हिंगणघाटला बदली झाली. तिथं मला बाईंचं कार्ड आलं. त्यात दोनच ओळी होत्या. 'मास्तर, वरच्या पातळीत चोवीस आले. पूर्ण जीव लावून चोवीस.' त्या कार्डाचा मला जितका अभिमान वाटतो तितका माझ्या कुठल्याही शंभर मार्कवाल्या पोराचा वाटलेला नाही. त्यानंतर आमची भेट झाली नाही. मी बाईंना शेवटचं धड पाहिलं ते त्या मार्चच्या पेपरलाच.

खोली तीच मिळाली होती आणि पर्यवेक्षक पुन्हा मीच. नंबर मात्र लागून नव्हता, बाई एकट्या शेवटच्या बाकावर. द्वारकेचा सासरा तिला सोडायला फाटकापर्यंत आला होता आणि आत वाकून बघत होता, बाई आहे ना. हजेरी घेत मी द्वारकेपाशी आलो आणि पूर्ण नाव विचारलं. ती उभी राहिली आणि नवऱ्याच्या नावासकट खणखणीत सांगितलं. पोरं हसली नाहीत.

पहिला अर्धा तास बाई पुढंच बघत होत्या. मग त्यांनी स्वतःचा पेपर वाचला, परत वाचला, आणि खाली वाकल्या. त्यानंतर त्या मला वर दिसल्याच नाहीत. कपाळाला आठ्या, ओठ हलताहेत, लिहिलेलं खोडताहेत, पुन्हा लिहिताहेत. मध्येच द्वारका अडली. भाषांतराचं एखादं वाक्य असावं. तिनं मागं वळून पाहिलं. बाईंना पत्ताच नव्हता. द्वारका तशीच थोडा वेळ बघत राहिली. मला वाटलं आता ही उठणार. पण ती पुढं वळली, पेन बोटांत नीट धरलं आणि ते वाक्य सोडून पत्राला लागली.

अडीच तासांनी पाचही जणी एकेक करून पेपर देऊन बाहेर पडल्या. एकीनंही बाईंना हाक मारली नाही. व्हरांड्यात खिडकीपाशी गोळा होऊन त्या आत बघत राहिल्या. खोलीत आता तीनचार पोरं आणि बाई एवढेच उरले होते.

शेवटच्या दहा मिनिटांची घंटा झाली. या घंटेनंतर कोणालाही पुरवणी द्यायची नाही, असं केंद्रप्रमुखांनी सकाळी आम्हाला दोनदा बजावलं होतं. बाईंच्या उत्तरपत्रिकेचं शेवटचं पान भरलं. त्यांनी मान वर केली नाही. नुसता डावा हात माझ्या दिशेनं लांब केला.

"मास्तर, पुरवणी."

"बाई, घंटा झाली."

"तुमची झाली असन. माही नाई झाली. आना इकडं."

मी दिली.